पेवात वाजणारा फोन

शनिवारी दुपारी सुप्याच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत मी बिस्किटांतला ओलावा मोजत होते आणि मधूनमधून मोबाईलवर दुसरीकडचं तापमान बघत होते. ते आमच्या घरातल्या पेवाचं होतं. घर शिंगणापूरच्या शिवारात, सुप्यापासून दोन तासांवर. पेवात वीस लिटरचा एक ड्रम होता, ड्रममध्ये जवाच्या माल्टची बिअर आंबत होती, आणि हे फक्त दोघींना माहीत होतं: मला आणि ज्योतीवहिनीला.

पेव म्हणजे ज्वारी साठवायचा खड्डा. तोंड अरुंद, माणूस जेमतेम आत शिरेल एवढं. आतलं पोट मात्र रांजणासारखं फुगीर. खोली दीड पुरुष. जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा दादानं पडवीतलं पेव तेवढं ठेवलं. तोंडावर शहाबादी फरशीचा तुकडा असतो. आता त्यात ज्वारी नसते, काहीच नसतं.

बिअर तिथं नेण्याची कारणं दोन. पहिलं, तापमान. आंबवणाऱ्या यीस्टला विसाच्या आसपास ठेवलं तर चव स्वच्छ येते. अठ्ठावीस-तीसला तेच यीस्ट पिकल्या केळ्याचा वास सोडतं, त्याच्या वर नेलपॉलिश काढायच्या पाण्याचा. मार्चमध्ये मी सुप्याच्या खोलीवर केलेला पहिला प्रयोग तसाच वाया गेला होता. एकच यीस्ट, एकच माल्ट, फक्त आठ अंशांचा फरक, आणि वास इतका वेगळा. मला तो फरक स्वतः करून बघायचा होता. पिण्याची हौस त्यामानानं कमीच. बाहेर बेचाळीस असताना पेवात सव्वीस असतं. ड्रम पाण्याच्या टबात ठेवला आणि टबात बर्फाच्या बाटल्या सोडल्या की विसापर्यंत उतरवता येतं.

दुसरं कारण आमच्या गावचं. आमच्या घराला चौकटी आहेत, दारं नाहीत. कुत्री येऊ नयेत म्हणून आडवी फळी लावतो, तेवढंच. कपाटाला कुलूप नाही, पेटीला कडी नाही. कोणीही येतं, हाक मारतं, आत बसतं. दादाचं, म्हणजे हनुमंतदादाचं, देवळाच्या रस्त्यावर दुकान: तेल, काळे उडीद, काळा दोरा, पणत्या, नारळ. त्याच्या घरात दारू होतेय हे कळलं असतं तर परवान्याचा प्रश्न नंतर आला असता, आधी त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं असतं. अख्ख्या घरात झाकण असलेली जागा एकच होती.

मागच्या रविवारी मी सगळं मांडून आले. ड्रमला एक तापमापक चिकटवला, दुसरा पेवाच्या तोंडाशी फरशीखाली लोंबता सोडला, आणि दोन्ही तारा पडवीतल्या एका डबीला जोडल्या. डबी घरच्या वायफायवर. मोबाईलवर दोन रेषा दिसायच्या: खालची तार, वरची तार. बाटल्या बदलायचं काम वहिनीकडं. जंतू नकोत म्हणून तिनं उतरायचं नव्हतं. जाळीची पिशवी दोरीनं वरूनच सोडायची आणि वरूनच ओढायची. आई राहुरीला मावशीकडं लग्नघरी होती आणि दादा दिवसभर दुकानात, म्हणून हे जमत होतं.

त्या दुपारी खालची तार सव्वीसवर गेली. यीस्ट साखर खाताना स्वतःही गरम होतं. ते जोरात आलं होतं, आणि बर्फ नव्हता.

मी वहिनीला फोन लावला.

"वहिनी, सव्वीस झालंय."

"मग मी काय करू, पदरानं वारा घालू?"

"सकाळी बाटल्या सोडल्या नाहीस?"

"सोडनार कशा? दोरी तुटली काल. पिशवी टबात आन् दोरी माझ्या हातात. बाटल्या फ्रीजरातच हायेत. तुमचे दादा विचारत हुते, एवढं बरफ कशापायी. म्हटलं, तुमचं डोकं थंड ठेवायला."

"मग आता?"

"शिडी हाय की. जेवते, भांडी घासते आन् उतरते. त्या तुमच्या लेकराला कुशीत बरफ ठेवून येते."

मी म्हणाले, "उतर. पण ड्रमचं झाकण उघडू नको. झाकणातल्या नळीला धक्का लावू नको. जंतू जातील आत."

"हात धुऊन जाते, ताई. देवळात गेल्यावानी जाते."

मी फोन ठेवला आणि पुन्हा बिस्किटांकडं वळले. मी निर्धास्त होते. मला काळजी फक्त जंतूंची होती.

थोड्या वेळानं मोबाईल बघितला तर वरची तार झपाट्यानं चढत होती. फरशी उघडली होती आणि पडवीतली गरम हवा तोंडाशी आली होती. मनात आलं, आता वहिनी चहा टाकेल. कारण आमच्याकडं रीतच होती: पेव उघडलं की आधी चहा. फरशी सारायची, सगळ्यांनी चहा प्यायचा, मग एकानं उतरायचं. वडील असताना लहानपणी मी हे कितीदा बघितलं होतं. घाई केली की ते म्हणायचे, पेवाला जांभई देऊ दे.

आणि मग मला आठवलं, वहिनी देवळाली प्रवऱ्याची. कॅनॉलचा भाग, उसाचा. तिथं पेवं नसतात. तिला चहाचं कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

चहा का प्यायचा, हा प्रश्न मी तोपर्यंत कधी विचारला नव्हता. त्या क्षणी विचारला, आणि उत्तर लगेच आलं. ज्वारी श्वास घेते. बंद पेवात तिचा कार्बन डायऑक्साइड साठतो. पेव उघडून थांबायचं ते त्यासाठी. आणि मी तिथं ज्वारीच्या जागी यीस्ट ठेवलं होतं, जे तिच्यापेक्षा कितीतरी जोरात श्वास टाकतं, आणि वर फरशी झाकून ठेवली होती. तीही घट्ट, गारवा जाऊ नये म्हणून.

साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड, हे समीकरण मी परीक्षेत किती वेळा लिहिलं असेल. आठवडाभर मी त्या समीकरणातली उष्णता तेवढी बघत होते. ओलाव्याच्या तक्त्याच्या मागच्या बाजूला मी हिशेब केला. ड्रममध्ये साधारण दोन किलो साखर. पूर्ण आंबली तर वजनानं जवळजवळ अर्धी वायू होऊन बाहेर येणार, म्हणजे पाचशे लिटरच्या वर. निम्मी आंबली असेल असं धरलं तरी अडीचशे. हा वायू हवेपेक्षा जड. पेवाला तळाशी भोक नाही. तो कुठं जाणार? पेवाच्या पोटात माणसाच्या कमरेपर्यंत साचणार. चहा पिऊन झाला तरी तो तिथंच राहणार. हवेत दहावा हिस्सा झाला तरी माणसाची शुद्ध काही मिनिटांत जाते. माझा आकडा त्याच्या वर येत होता. मी पुन्हा केला. पुन्हा तोच आला.

वहिनीला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. वाजत राहिली. तिचा फोन सदा कमरेला खोचलेला असतो. भांडी घासतानाही ती उचलते आणि खांद्यात धरून बोलते.

वरची तार अडतीसवर जाऊन स्थिर झाली होती. फरशी उघडीच होती. वहिनी बाटल्या सोडल्या की फरशी लगेच झाकायची, रोज. खालची तार मात्र घसरायला लागली होती. पंचवीस. चोवीस. टबात बर्फ पडला होता. म्हणजे ती खाली पोचली होती. आणि वर आलेली नव्हती.

मी साहेबांना घरी आजारपण आहे एवढंच सांगितलं आणि फाट्यावर येऊन नगरची जीप पकडली. जीप भरायची वाट बघत दादाला फोन लावला. मागं घंटा, गर्दी, कोणीतरी तेलाचा भाव विचारत होतं.

"दादा, घरी जा."

"आता? शनिवार हाय, रोहे. पाय ठेवायला जागा न्हाई हितं."

"वहिनी फोन उचलत नाहीये."

"डुलकी लागली आसंल. तुझ्यासारखं तिला एसी हाय का हापिसात?"

"दादा, जा ना. माझं ऐक."

माझ्या आवाजात काहीतरी असावं. "जातो," तो म्हणाला. "काय झालंय पन?"

मी सांगितलं नाही. जीपमध्ये दोन्ही बाजूंना माणसं चिकटून बसली होती, आणि मला वाटलं, आधी तो घरी तर पोचू दे. मी फक्त म्हणाले, "पेवाकडं बघ."

जीप निघाली. मी वहिनीला फोन लावत राहिले. थांबणं शक्यच नव्हतं. रिंग वाजतेय म्हणजे काहीतरी चालू आहे, असं मनाला वाटत होतं. कदाचित आवाजानं ती शुद्धीवर येईल. कदाचित कोणी रस्त्यानं जाणारं ऐकेल, घराला दार नाही, आत येईल, पेवाशी जाईल, आणि...

आणि उतरेल.

माझं बोट स्क्रीनवरच थांबलं. मी असं वाचलं होतं, सगळ्यांनीच वाचलेलं असतं. विहिरीत एक बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. बातमीत तिघांची नावं एका आडनावाची असतात. दादा आता घरी पोचत असेल. तो हाक मारेल, उत्तर येणार नाही. मग त्याला पेवातून वहिनीचा फोन वाजताना ऐकू येईल. त्या अंधारात, तळाशी. तो एक क्षणही विचार करणार नाही. आणि तो फोन वाजवत होते मी.

मी फोन तोडला आणि दादाला लावला. तो स्कूटरवर असणार. उचलत नव्हता. पुन्हा लावला. शेजारची बाई माझ्याकडं बघत होती. "कोन आजारी हाय का, बाई?" तिनं विचारलं. मी मान हलवली. हो की नाही, मलाच माहीत नव्हतं.

केडगाव जवळ आलं होतं. तिसऱ्या खेपेला दादानं उचलला. धाप लागली होती.

"रोहे, घरात कोनी न्हाई. पेव उघडं हाय. शिडी आत सोडलेली. खाली तिचा फोन वाजत हुता, आत्ताच बंद झाला. मी उतरतोय."

"दादा, उतरू नको."

"आगं ती खाली हाय."

"उतरू नको. खाली हवा नाहीये."

"काय बोलतीस? पेवात हवा न्हाई? शिडीवर हाय मी."

"पाय वर घे. दादा, पाय वर घे आधी. खाली दारू आंबतेय. मी ठेवलीय. वीस लिटरचा ड्रम आहे. त्याचा वायू साचलाय. त्यात माणूस उतरला की पडतो. वहिनीला काढायचं असेल तर तू वर राहा."

जीपमधलं बोलणं थांबलं. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. मला त्याचं काही वाटलं नाही.

मग दादा म्हणाला, "दारू?"

"हो."

"आपल्या घरात?"

"हो, दादा. मग मला मार. आत्ता दिवा सोड. पडवीत दुकानाच्या मालात पणत्यांची पोती आहेत ना? एक पेटव आणि तराजूच्या पारड्यात ठेवून खाली सोड. साखळीला दोरा बांध. बघ काय होतं ते."

खडखड आवाज आला, पोत्याचा, पितळी पारड्याचा. काडेपेटी दोनदा ओढली. मी डोळे मिटले होते. विकायच्या काळ्या दोऱ्याचं रीळ तो सोडत असणार. त्याचा दोरा मजबूत असतो, तो गिऱ्हाइकांना ओढून दाखवतो.

"जातोय," तो म्हणाला. "जळतोय. जळतोय. शिडीच्या मध्याला आला." मग एकदम, हळू आवाजात, "विझला."

"वाऱ्यानं?"

"पेवात कसला आलाय वारा? कोनी चिमटीनं विझवल्यावानी विझला."

"तिथून खाली जायचं नाही."

"रोहे, मोबाईलच्या बॅटरीनं दिसतंय, टब दिसतोय, ड्रम दिसतोय. कडंचं काही दिसत न्हाई. पोट हाय न त्याला. ती कडंला पडली आसंल तर? मी श्वास धरून जातो. आन् येतो."

"श्वास धरून तिला उचलशील? शिडीवरून? त्या तोंडातून?"

तो विचार करत होता, आणि मला त्या विचाराचीच भीती वाटत होती. माझा दादा हिशेबी माणूस. पण हा हिशेब तो बायकोसाठी चुकवणार हे मला कळत होतं.

"टेबल फॅन आण," मी म्हणाले. "वायर लांबव, फॅनला दोरा चौपदरी करून बांध, चालू करून खाली सोड. वायू ढवळला की वर येईल. मग दिवा पुन्हा सोड. दिवा तळापर्यंत जळला तरच उतर."

"तवर ती जगंल का?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं. मी ते दिलं नाही. "फॅन आण," एवढंच पुन्हा म्हणाले.

त्यानं फोन खाली ठेवला असावा. मला त्याची पळापळ ऐकू येत होती. खुर्ची सरकली. काहीतरी पडलं. फॅनचा घरघराट सुरू झाला आणि मग घुमायला लागला, म्हणजे तो पेवात गेला. मी कानाला फोन दाबून बसले होते. केडगाव गेलं. शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला होता, कधी ठेवला मला कळलं नाही.

मग त्या घुमण्यातून एक आवाज आला. बाईचा.

"अहो, ह्ये काय मांडलंय? फॅन कशाला सोडलाय पेवात?"

दादा काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. नंतर वहिनीनं सांगितलं की तो खाली बसला आणि तिच्या पायाला हात लावून बघत राहिला, आणि तिच्यासोबत आलेले सहादेवभावजी लाजून दुसरीकडं बघायला लागले.

सहादेवभावजी पलीकडच्या वस्तीवर राहतात. वहिनी त्यांना बोलवायला गेली होती, फोन काढायला, आणि डोकं जड म्हणून त्यांच्या ओट्यावर बराच वेळ पडून राहिली होती. ते बांबूची काठी घेऊन आले होते, आणि काठीनं नाही निघाला तर उतरायचं ठरवून आले होते.

मी घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. वहिनी चौकटीत बसली होती. तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता, डोकं ठणकत होतं. दादा फॅनचा दोरा धरून पेवाशी उभा होता. माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही.

मी वहिनीजवळ बसले. "काय झालं खाली?"

"काय न्हाई. लई गार वाटलं, ताई. नाकात सोडा प्याल्यावानी झोंबलं. दम लागला. बाटल्या टाकल्या टबात. मग डोकं जड झालं. म्हटलं, जरा टेकावं हितंच. गार हाय."

"टेकलीस?"

"टेकत हुते, तर तुमचा फोन वाजला. कमरेचा काढायला गेले, हातातून सुटला, टबाच्या मागं पडला. वाकून घेनार हुते. पन म्हटलं, मरू दे तो, वर जाऊन काठीनं काढू. पाय कसे चढले माझं मला ठावं न्हाई."

मी तिचा हात हातात घेतला. वायू कमरेपर्यंत होता. ती उभी होती म्हणून तिचं तोंड त्याच्या वर होतं. ती वाकली नाही. मी तिला हे त्या वेळी सांगितलं नाही. तिनंच माझ्या बोटांवरून ओळखलं बहुतेक, कारण ती बोलायची थांबली.

दादानं पुन्हा पणती पेटवली आणि पारडं सोडलं. आधीच्या पणत्या पडवीत ओळीनं पडल्या होत्या, काळ्या वातींच्या. आम्ही तिघं काठाशी वाकलो. उजेड शिडीवरून खाली गेला, मध्य ओलांडला, लवलवला, आणि जळत राहिला. तळाला टेकला. टबातलं पाणी चमकलं. ड्रमच्या नळीतून बुडबुडा फुटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं दुसरा. ते थांबलं नव्हतं, त्याचं काम चालूच होतं.

"आता उतरता येईल का?" वहिनीनं विचारलं.

आकड्यांप्रमाणे येत होतं. "उद्या," मी म्हणाले. "रात्रभर फॅन चालू देऊ."

"आन् रातभर ह्ये असं उघडं?" दादा पहिल्यांदाच बोलला. "ह्या घरात कोनीबी येतं. कोनाचं पोर आलं तर?" त्यानं चौकटींकडं पाहिलं, एकीकडून दुसरीकडं, जणू त्या त्यानं आधी कधी पाहिल्या नव्हत्या. "मी बसतो हितं," तो म्हणाला.

तेवढ्यात खालून फोन वाजला.

पणतीच्या उजेडात टबामागं स्क्रीन उजळली. राहुरीहून आई असणार. ती संध्याकाळी सुनेला फोन करतेच. आम्हाला सगळं माहीत होतं. कोणीही खाली नाही हे माहीत होतं. तरी दादाचा पाय शिडीवर गेला होता, आणि माझा हात शिडीच्या दांड्यावर होता. वहिनीनं आम्हा दोघांचे दंड घट्ट धरले. रिंग वाजत राहिली, आणि ती संपेपर्यंत आम्हा तिघांतल्या कोणीही कोणाला सोडलं नाही.